मेनसिंग : विशेषण

"थांबवा," अनिमेष म्हणाला. "मागे घ्या. खांद्याकडे हात जातो, तिथून."

पडद्यावरचा माणूस उलट्या पावलांनी लोखंडी जिना उतरला आणि पुन्हा चढून वर आला. काचेच्या केबिनसमोर थांबला. उजव्या खांद्यावर अडकवलेला लोखंडी हूक त्याने काढला आणि हातात धरला. मग तो हललाच नाही. सीसीटीव्हीच्या फितीला आवाज नव्हता. कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं पुढे सरकत होतं. अकरा बेचाळीस. अकरा त्रेचाळीस. केबिनमधली मुलगी कानाला फोन लावून बोलत होती. बोलता बोलता तिची खुर्ची इंचाइंचाने मागे सरकली आणि भिंतीला टेकली.

"चार मिनिटं अकरा सेकंद," अनिमेष म्हणाला. "बाई, एवढं इंग्रजीत घ्या."

ललिताने टाइप केलं. तीस वर्षं ती दुसऱ्यांचं बोलणं टाइप करत आली होती. भिवंडीच्या कोर्टाबाहेर छत्रीखाली तिचं टेबल होतं. त्यावर आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर. बोटं आपलं काम करत होती, पण डोकं पडद्यावर अडकलं होतं. हूक काढताना त्या माणसाने मान खाली घातली होती. असं करणारं कुणीतरी तिने पाहिलं होतं. कोण, कुठे, काही आठवेना. कुसळ घुसावं तसं ते सलत राहिलं.

*

मेनसिंग (menacing). इंग्रजी विशेषण.
अर्थ : ज्याच्याकडून इजा होईल असं वाटतं, तसा.
वाक्यात उपयोग : मेनसिंग कुत्रा. मेनसिंग आवाज. मेनसिंग ढग.
कुणाला वाटतं, ते कोशात दिलेलं नाही.

*

खोलीत चौघं होती. ती खोली म्हणजे अंजूरच्या एका मोठ्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरची मीटिंग रूम. खाली कापडाच्या गाठी, सुताच्या गोणी, ट्रकांची ये-जा. वर एसी आणि पाण्याच्या बाटल्या.

टेबलाच्या डोक्याशी अनिमेष. ठाण्याचा वकील, कंपनीने नेमलेला चौकशी अधिकारी, कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून आल्यामुळे सकाळपासून वैतागलेला. उजवीकडे अदिती, गोदामाची मॅनेजर, वय अठ्ठावीस, इथे येऊन तिला तीन महिने झाले होते. तक्रार तिची होती. पडद्यावर खुर्ची मागे सरकवणारी मुलगी ती हीच. डावीकडे राघो. बावीस वर्षं याच गोदामात गाठी वाहणारा हमाल. सहा फूट उंची, भाकरीएवढा पंजा. आरोप त्याच्यावर होता, आणि तो सिद्ध झाला तर आज ना उद्या त्याला घरी जायचं होतं. शिवाय एका गोदामातून या कारणाने काढलेल्या माणसाचा फोटो दुसऱ्या गोदामांच्या गेटवर पोचतो, हे अंजूरपासून कशेळीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

राघोच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याच्या बाजूने बसायला भाविक नावाचा हमालांच्या टोळीतलाच एक कामगार येणार होता. त्याचा फोन सकाळपासून बंद होता.

आणि मधे ललिता.

मराठी चौघांनाही येत होती. तरी तिची गरज होती, कारण कागद इंग्रजीत तयार होणार होता.

"मीच प्रश्न विचारायचे आणि मीच भाषांतर करायचं, तर उद्या लेबर कोर्टात म्हणतील वकिलाने फिरवलं," अनिमेषने सुरुवातीलाच सांगितलं होतं. "म्हणून प्रश्न मी इंग्रजीत विचारणार. तुम्ही ह्यांना मराठीत सांगायचा, उत्तर इंग्रजीत उतरवायचं, पानापानावर सही करायची. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. कळलं?"

"तीस वर्षं तेच करते, सर."

"गुड. तसंही आज फॉर्मॅलिटीच आहे. ह्यांनी लेखी उत्तरात आरोप मान्य केलाय."

ललिताने झटकन मान वर केली. फाइलमध्ये राघोचं उत्तर होतं, कुणाच्या तरी तरुण, गोल अक्षरात लिहिलेलं. *मी त्या दिवशी केबिनसमोर अनुचित पद्धतीने उभा राहिलो, हे मला मान्य आहे. पुन्हा असे होणार नाही.* खाली राघोची सही. एकेक अक्षर स्वतंत्र उभं.

अनुचित.

तिने तो शब्द पुन्हा वाचला. हा शब्द तिचा होता.

*

तीन आठवड्यांपूर्वी, कोर्टाबाहेरचं टेबल, दुपार. कंपनीच्या वकिलांचा माणूस आरोपपत्र टाकून गेलेला. तासाभरात मराठी करून हवं. कोण राघो, कोण अदिती, ललिताला काही माहीत नाही. कागदावर एवढंच होतं की कामगार हातात लोखंडी हूक घेऊन मॅनेजरच्या केबिनसमोर मेनसिंग रीतीने उभा राहिला.

धमकावून. *खोडलं. तो काही बोललाय असं कुठे लिहिलेलं नाही.*

मारण्याच्या पवित्र्यात. *खोडलं. हूक उगारलेला नाही.*

भीतिदायक. *खोडलं. हे भुताला शोभतं, हमालाला नाही.*

अंगावर येणारा. *खोडलं. उभा होता, आला नव्हता.*

चहावाला येऊन गेला. तिने कप तसाच ठेवला. एका न पाहिलेल्या माणसाला चार अक्षरांत गुंड करायला तिचा हात होईना. कुणाच्या तरी घरी हा कागद जाणार, बायको वाचणार, पोरं वाचणार. मग तिने एक गुळगुळीत सरकारी शब्द उचलला आणि ठेवून दिला.

अनुचित.

दया केली असं वाटलं होतं. त्या दिवशी ती जरा हलक्या मनाने घरी गेली होती.

*

"प्रश्न बारा," अनिमेष म्हणाला आणि इंग्रजीत विचारलं.

"आदल्या दिवशी मॅनेजर मॅडमनी तुम्हाला सगळ्यांसमोर मेमो दिला होता का?" ललिताने मराठीत सांगितलं.

"हां. हेल्मेट न्हवतं घातलं म्हनून."

"प्रश्न तेरा. त्याचा तुम्हाला राग आला होता का?"

राघोने विचार केला. खोटं बोलणाऱ्या माणसाला एवढा वेळ लागत नाही, असं ललिताला वाटलं. "आला व्हता थोरा. पोरांसमोर बोलल्या ना. पन चूक माझी व्हती."

"घ्या. राग आला होता."

"ते पुढेही बोललेत, सर. चूक माझी होती, असं."

"घ्या ना मग तेही. मी कुठे अडवलंय?" अनिमेषने घड्याळ पाहिलं. "प्रश्न चौदा. वर जायला तुम्ही कुणाची परवानगी घेतली होती का?"

"न्हाय घेतली. तीच तर चूक झाली ना साहेब. मी लिवून दिलंय तसं. अनुचित."

तो हा शब्द जपून, वेगळा काढून म्हणाला, नव्या भांड्याला हात लावावा तसा. ललिताला कळलं. या माणसाला आपल्यावरचा आरोपच माहीत नव्हता. त्याच्या लेखी गुन्हा एकच, न विचारता जिना चढला.

"सर," ती म्हणाली, "मला वाटतं ह्यांना आरोप नीट..."

"बाई." अनिमेषचा आवाज चढला नाही, नुसता थंड झाला. "तुम्हाला वाटायचं नाहीये. जेवून घेऊ. दोन वाजता शेवटचे चार प्रश्न, की संपलं."

 अदिती सकाळपासून बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. राघो उठला तशी तिने खुर्ची मागे घेतली. नकळत. पडद्यावर घेतली होती तशीच.

*

खाली गेटजवळ सावलीला एक बाई बसली होती. एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, मांडीवर डबा.

"जयभीम, ताई."

पक्षकाराच्या माणसांशी बोलायचं नाही, हा नियम. ललिता दोन पावलं पुढे गेली. मग थांबली. जयभीमला उत्तर न देता जाणं तिला जमलं नाही.

"जयभीम."

"मी कलावती. ह्यांची मालकीन." चष्मा तिच्या दिशेने वळला. "तुमी वरच्या ना? लिवनाऱ्या? कवा सुटतील?"

"मला काही सांगता येणार नाही, ताई."

"न्हाय, न्हाय. नका सांगू. तुमाला तरास नको." ती गप्प बसली, पण अर्धा मिनिटच. "मी तर बोल्ले, सरळ मान्य करून टाका. आमचा सुगत कालिजात हाय, तो बोल्ला, आई, अनुचित म्हंजे बरं न्हाय ते. इतकंच ना? मग साहेब लोकांशी वाद कशाला? न इचारता वर गेलाव, माफी मागा, मोकले व्हा. माझ्या डोल्यासाठी तर गेलते. आठ दिस दिवसाची शिफ्ट मागाया. मला रातीचं न्यायाला-आनायाला कोन न्हाय म्हनून." ती हसली. "त्ये पन मागितली न्हाय. तसेच खाली आले. मी बोल्ले, गेलताव कशाला मग, जिना मोजायला?"

 ललिताने पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

तेवढ्यात समोरच्या धक्क्यावर एक ट्रक लागला. दोन हमाल फळीवर बसले होते, खांद्यावर हूक अडकवलेले. आतून टोळीचा म्हातारा मुकादम बाहेर आला. तो काही बोललासुद्धा नव्हता. त्याला पाहताच दोघे उठले आणि दोघांचेही हात खांद्यावर गेले. हूक खाली आले. टोक आपल्याच मांडीकडे. माना खाली.

बाटली ललिताच्या ओठांजवळच राहिली.

खारबाव. भाताची गिरणी. बाबा.

तिचे वडील त्या गिरणीवर तांदळाच्या गोणी वाहायचे. संध्याकाळी घरी आले की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधी खांद्यावरचा हूक काढून हातात घ्यायचे, टोक स्वतःकडे करायचे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि खाली आजी बसलेली असायची. गिरणीत मालक आला, मुकादम आला, गावातलं कुणी मोठं माणूस भेटलं, तरी तेच. लहान ललिताने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "खांद्यावर हूक असला का मानूस ताठ दिसतो, पोरी. मोठ्यासमोर ताठ दिसू न्हाय. आन टोक कवा दुसऱ्याकडं करू न्हाय." आणि दुसरी गोष्ट. समोरच्याने 'काय रे?' म्हटल्याशिवाय बाबा बोलायचे नाहीत. कधी कधी पाच-पाच मिनिटं उभे असायचे.

ती इंग्रजी शिकली, टायपिंग शिकली, शहरात राहायला गेली आणि हे सगळं विसरली. तीन आठवड्यांपूर्वी आरोपपत्रात 'हातात हूक घेऊन' हे शब्द तिने स्वतः मराठीत लिहिले होते. तिला काही आठवलं नव्हतं.

"ताई?" कलावती म्हणाली. "पानी पिताव ना?"

*

दोन वाजले. प्रश्न पंधरा, सोळा, सतरा. तारीख बरोबर आहे का, ड्युटी कुठली होती, हूक कंपनीचा की स्वतःचा. राघो उत्तरं देत होता, ललिता उतरवत होती. ती वाट पाहत होती. कुठल्या तरी प्रश्नाला 'का' असेल. एक 'का' पुरे. तो आपोआप सांगेल.

"शेवटचा. प्रश्न अठरा," अनिमेष म्हणाला आणि इंग्रजीत विचारलं. केबिनसमोर पोचल्यावर तुम्ही हूक खांद्यावरून काढून हातात घेतला, हे खरं आहे का?

'का' नव्हता.

 ललिताने राघोकडे पाहिलं. तो भाबडेपणाने पुढच्या वाक्याची वाट पाहत होता.

"केबिनसमोर तुम्ही हूक खांद्यावरून काढून हातात घेतला, हे खरं आहे का?" ती म्हणाली. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा पदरचं घातलं. "आणि का घेतला?"

अनिमेषची नजर सर्रकन तिच्यावर आली.

राघोला मात्र प्रश्नच विचित्र वाटला. देवळात चप्पल का काढली, असं कुणी विचारावं तसा तो गोंधळला.

"का म्हंजे?" तो म्हणाला. "मॅडम समोर व्हत्या ना. म्हनून घेतला."

  अदितीच्या हातातलं झाकण टेबलावर पडलं आणि गरगरत राहिलं. 

"'का' मी विचारलं नव्हतं, बाई," अनिमेष हळूच म्हणाला. "पण असू दे. उत्तर आलंय. घ्या. जसंच्या तसं."

ललिताने टाइप केलं. समोरच्या पडद्यावर वाक्य उमटलं. मॅडम माझ्या समोर होत्या म्हणून मी हूक हातात घेतला. इंग्रजीत, काळ्या अक्षरांत. तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. एकही शब्द चुकलेला नव्हता. कोर्टात कुठल्याही भाषांतरकाराने हेच लिहिलं असतं आणि त्यावर राघोची बावीस वर्षं संपली असती.

"सही," अनिमेष म्हणाला.

"सर, मला सांगायचंय काही."

"टायपिंगची चूक?"

"नाही. साक्ष द्यायचीय."

"तुम्ही भाषांतरकार आहात. साक्षीदार नाही."

"हो. म्हणून आधी ही खुर्ची सोडते." ती उठली. गुडघा टेबलाला आपटला. लॅपटॉप तिथेच ठेवून ती वळसा घालून गेली आणि राघोच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.  हात तिने मांडीवर दाबून धरले.

"तुमची ओळख आहे यांच्याशी?" अनिमेषने पेन खाली ठेवलं. "नातं? गाव एक? समाज एक? काय आहे?"

"यांना मी आज पहिल्यांदा पाहिलं. पण माझे वडील खारबावला हमाल होते. हूक हातात का घेतात, ते मला माहीत आहे. सकाळी आठवलं नाही, ही माझी चूक."

मग तिने सांगितलं. उंबरा, आजी, मुकादम, सगळं. नीट सांगता आलं नाही, मधेच अडखळली, एकच गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांची वाक्यं तिने हजारो लिहिली होती, स्वतःचं वाक्य कसं संपवायचं ते तिला येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "फीत लावा सर. टोक कुठे आहे ते बघा. चारही मिनिटं बघा."

"आणि 'मान्य आहे' हे लेखी?"

"तेही माझ्यामुळे. आरोपपत्राचं मराठी मी केलं होतं. तो शब्द मी मऊ केला. ह्यांना वाटलं, न विचारता वर गेल्याचा आरोप आहे. तो त्यांनी मान्य केला."

 अनिमेषने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो बराच तरुण दिसत होता.

"बाई, काय बोलताय कळतंय का तुम्हाला? सही करून दिलेलं भाषांतर चुकीचं होतं, हे तुम्ही स्वतः सांगताय. आजचं सगळं रेकॉर्ड बाद. आमच्या फर्मच्या यादीतून तुमचं नाव आजच जाईल. आणि भिवंडीचे वकील... एक चहा पुरतो बातमी पसरायला."

"कळतंय."

"सही केलेला माणूस एकदा चुकला की..."

"कळतंय म्हटलं ना, सर."

*

फीत पुन्हा लागली. या वेळी मोठी करून. जिना. काच. खांदा. हूक खाली आला. टोक आत वळलेलं, राघोच्या स्वतःच्या मांडीला जवळजवळ टेकलेलं. अकरा बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. तो ते तसंच धरून उभा होता.

"मी फोन संपायची वाट बघत व्हतो," राघो म्हणाला. त्याला अजून काही उलगडलं नव्हतं. "मॅडम बोलत व्हत्या. मधी कसं बोलनार?"

"फोनवर कोणी नव्हतं," अदिती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नीरजा होती, माझी मैत्रीण. तिने केव्हाच ठेवला होता. हे दिसले आणि मी बोलतच राहिले. काहीही. हो, हो, पाठवते, उद्या भेटू. वाटलं, मी फोनवर आहे तोपर्यंत हे आत येणार नाहीत." ती पडद्याकडेच बघत बोलत होती. "ह्यांना वाटत होतं मी संपवीन. मला वाटत होतं हे जातील."

"बाय," राघो ललिताकडे झुकून हळूच म्हणाला, "त्यो इंग्रजी शब्द काय हाय? सकालपासून बोलतान. मेनशिंग का काय."

ललिताने अनिमेषकडे पाहिलं.  आता ती भाषांतरकार नव्हती. आता तिला साध्या मराठीत सांगता येत होतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

"मॅडमना वाटलं तुम्ही त्यांना मारणार," ती म्हणाली. "हुकाने."

राघो हसला. अर्धंच. मग त्याने अदितीकडे पाहिलं, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, कुणी उचलायचं विसरल्यासारखं.

"मला घाबरलाव?" त्याने विचारलं. "मॅडम? मला?"

अदितीने मान डोलावली. हो.

तो स्वतःच्या पंजांकडे बघत बसला. उलटे केले, सुलटे केले.

"मग मान्य हाय," तो म्हणाला.

"काय मान्य आहे?" अनिमेष म्हणाला.

"घाबरल्या ना त्या. माझ्यापायी चार मिनिटं भिंतीला टेकून बसल्या पोरीवानी. मग ती चूकच झाली, साहेब. लिवा. त्यो शब्द लिवा."

"राघोभाऊ, गप्प बसा हो!" ललिता ओरडली. "काय बोलताय तुम्ही?"

"खरं तेच बोलतो, बाय."

अनिमेषचा हात पेनाकडे गेला. जायलाच हवा होता, त्याचं काम ते होतं. कामगाराने समक्ष, तिघांदेखत, अर्थ समजून घेऊन आरोप मान्य केला होता. यापेक्षा स्वच्छ कबुली कुठल्या चौकशीत मिळत नाही.

"लिहू नका," अदिती म्हणाली.

"तुम्ही तक्रार मागे घेताय, मॅडम?"

 अदितीने बाटली बाजूला सारली. "मी खूप घाबरले होते. रात्री झोप नव्हती आली मला. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, कुणी कितीही सांगितलं तरी." तिने राघोकडे पाहिलं, पहिल्यांदाच सरळ. "पण ते विशेषण यांना लावायला नको होतं. ते काढा."

"ते काढलं तर आरोपात उरतं काय? हमाल केबिनबाहेर उभा होता. एवढंच."

"मग एवढंच होतं."

*

कागद बनायला पाऊण तास लागला. तक्रार मागे, चौकशी बंद, राघो सोमवारपासून कामावर, आठ दिवस दिवसाच्या शिफ्टला. हे शेवटचं अदितीने स्वतःहून घातलं. अनिमेषने सगळं मराठीत लिहिलं, स्वतःच्या हाताने, आणि एक-दोनदा ललिताला काना-मात्रा विचारली. मग तिचं फर्मचं ओळखपत्र मागून घेतलं. "सॉरी, बाई," म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं, आणि ओळखपत्र फाइलमध्ये ठेवलं.

जिन्यावर राघो तिच्या पुढे होता. खाली जायची वाट पॅकिंगच्या टेबलांमधून होती. दोन रांगा, मधे हातभर जागा, दोन्हीकडे बारकोड चिकटवणाऱ्या बायका आणि पोरी. बावीस वर्षं तो या वाटेने धडाधड जात आला होता, कुणाची चेष्टा करत, कुणाच्या डब्यातलं उचलत.

तो रांगेच्या तोंडाशी थांबला. दोन्ही हात त्याने पोटासमोर धरले. पंजे उघडे, आत काही नाही हे दिसेल असे. एवढा मोठा गडी, खांदे आत घेऊन अर्धा झाला.

"पोरींनो," तो म्हणाला, "जाऊ का हितनं?"

"अगं बाई, ऐकलं का?" एकजण खिदळली. "राघोदादा परवानगी मागतायत! वर जाऊन साहेब झालाव काय ओ?"

दोन्ही रांगा हसल्या. कुणीतरी टेबलावर टेपचं रीळ आपटलं. ललिता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. त्याला 'पुढे व्हा' म्हणावं, असं तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

हसणं थांबेना. राघो हात पुढे धरून तसाच थांबला होता. कुणीतरी हो म्हणायची वाट बघत.